अळी, बेडूक आणि पळणारं पोर

श्रावण सरत आला की सिल्लोड-कन्नडच्या मक्यावर आणि पैठण-गंगापूरच्या कपाशीवर फवारणीची घाई उडते. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर तेव्हा ६० मिलीची एक बाटली हमखास असते. आत क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल, साडेअठरा टक्के. एवढं लांब नाव कुणी घेत नाही. गिऱ्हाईक ‘कोराजन’ मागतं आणि दुकानदार ‘एकरी साठ’ एवढंच सांगतो. औषध लागलेलं पान अळीने खाल्लं की थोड्याच वेळात तिचं तोंड थांबतं, अंग आखडतं. मरायला तिला दोन-तीन दिवस लागतील, पण पीक खाणं त्याच दिवशी बंद झालेलं असतं.

अळीचं नेमकं काय बिघडतं? स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमचा साठा असतो. त्या साठ्यातून कॅल्शियम बाहेर सोडणारं एक भलंमोठं प्रथिन असतं, रायनोडिन रिसेप्टर नावाचं. खरं तर ते एक चॅनल आहे, उघडणारं आणि मिटणारं. फवारणीचं औषध त्याला चिकटतं आणि ते मिटू देत नाही. साठा गळून जातो, स्नायू आवळला तो आवळलाच.

याच घराण्यातलं चॅनल माणसाच्या हृदयात आहे. ते नुसतं किंचित गळकं झालं तरी ठोक्यांची लय बिघडते, आणि ते गळू नये म्हणून वापरायची काही औषधं औरंगपुऱ्यातल्या साध्या मेडिकलमध्येही मिळतात. एक रसायन अळीसाठी ते उघडं ठेवतं, दुसरं माणसासाठी ते सावरून धरतं.

*

मग फवारणाऱ्याचं हृदय का आखडत नाही?

चॅनलची मूळ घडण सारखी असली तरी औषध जिथे चिकटतं त्या जागेची ठेवण कीटकात वेगळी आणि सस्तन प्राण्यात वेगळी. कीटकाचं चॅनल या औषधाला शेकडो पटींनी जास्त बळी पडतं. बाटलीवर हिरवा त्रिकोण असतो तो त्यामुळे. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा बोट दाखवलं गेलं ते मुख्यतः ऑर्गनोफॉस्फेट गटाकडे आणि एकात एक मिसळून मारलेल्या औषधांकडे. ऑर्गनोफॉस्फेट ज्या एन्झाइमला अडवतं ते अळीत आणि माणसात जवळजवळ सारखंच असतं. ते माणूस ओळखून सोडत नाही.

तरी हिरवा त्रिकोण माणसापुरताच खरा. कोराजनच्याच डायामाइड गटातलं फ्लुबेन्डियामाइड अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१६ साली रद्द केलं, कारण पाण्यातल्या बारक्या जिवांना ते घातक ठरत होतं. आपल्याकडे पंप नाल्यात धुतात.

*

हे चॅनल सापडलं, तेही कीटकनाशकाच्याच कृपेने. रायनिया हे दक्षिण अमेरिकेतलं झुडूप. त्याच्या खोडाची पूड १९४०च्या दशकात पिकांवर मारत. १९४८ साली त्यातलं विष वेगळं काढलं गेलं, ते रायनोडिन. ते स्नायूतल्या कुठल्या तरी एका प्रथिनाला असं घट्ट चिकटतं की सुटता सुटत नाही. शास्त्रज्ञांनी मग रायनोडिनलाच किरणोत्सारी खूण लावली आणि ते जिथे जाऊन बसलं ते प्रथिन वेगळं काढलं. १९८७ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात सिडनी फ्लायशर यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं. हे विद्यापीठ पुढे पुन्हा येणार आहे.

हृदयातल्या प्रकाराचं जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. चार सारखे तुकडे जोडून एक चॅनल होतं आणि प्रत्येक तुकड्यात ४,९६७ अमिनो आम्लं असतात. माहीत असलेल्या आयन चॅनलांमध्ये याच्याएवढं मोठं दुसरं नाही. एवढ्या लांब साखळीत कुठेही एक मणी बदलला तरी काय होतं, ते पुढे.

*

लंडन, १८८२-८३. सिडनी रिंगर बेडकाचं काढून घेतलेलं हृदय क्षारांच्या पाण्यात चालतं ठेवत होते. ठोके छान पडत होते. मग उघडकीला आलं की साहाय्यकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचंच पाणी वापरलं होतं. शुद्ध पाणी घेतलं की तेच हृदय हळूहळू थंडावायचं. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. कॅल्शियम हाडांपुरतं नाही, ठोक्याचा हुकूम तेच पोचवतं, हे कळायची सुरुवात इथे झाली.

आपल्याकडे साहाय्यकाला एवढा आळस करायचीही गरज पडली नसती. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी असं जड की गीझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. ती बरीचशी कॅल्शियमचीच. घाटी रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा गावच्या दवाखान्यात खांबाला लटकणारी ‘आरएल’ची बाटली आहे ना, तिच्यातलं ‘आर’ म्हणजे रिंगर. लॅक्टेट नंतर, १९३०च्या दशकात, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ अलेक्सिस हार्टमन यांनी घातलं. गावातला म्हातारा ‘एक सलाईन लावा’ म्हणतो तेव्हा त्याच्या शिरेत जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीचा बेडूक जातो, असं म्हणायला हरकत नाही.

*

पेशीतला हिशेब समजायला आपल्याकडे नाथसागर आहे. जायकवाडीच्या २७ दरवाज्यांसमोर भरल्या धरणाच्या दिवशी उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: वर प्रचंड साठा, खाली जवळजवळ कोरडं पात्र, मध्ये फक्त दरवाजे. विसाव्यात असलेल्या हृदयपेशीच्या आतल्या रसात कॅल्शियम इतकं कमी असतं की बाहेर आणि साठ्यात ते सुमारे १०,००० पट भरतं. ठोका म्हणजे दरवाजे क्षणभर उघडणं. विश्रांती म्हणजे दरवाजे मिटणं आणि पंपांनी ते सगळं पुन्हा वर चढवणं. दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा.

पण धरण इथे दोन जागी फसवतं. एक तर दरवाजा उघडायचा हुकूम. पैठणला तो अभियंता देतो. पेशीत तो कॅल्शियमच देतं. ठोक्याची विद्युतलहर आली की पेशीच्या बाहेरच्या भिंतीतली छोटी चॅनलं उघडतात, चिमूटभर कॅल्शियम आत येतं, आणि ती चिमूट रायनोडिन रिसेप्टरला उघडते. म्हणजे थोडं पाणी खाली पडलं म्हणून सगळे दरवाजे उघडायचे. कुठलाही अभियंता अशी रचना पास करणार नाही. एका दरवाज्याची गळती शेजारच्याला उघडेल, तो त्याच्या शेजारच्याला, आणि पूर आला म्हणून समजा. निरोगी हृदयात हे होत नाही, याचंच आश्चर्य. १९९३ साली चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी चमकणारं रंगद्रव्य घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर विसाव्यातल्या पेशीतही इथे-तिथे एकेक ठिणगी उडून विझत होती. चॅनलांचे छोटे झुबके आपापल्या जागी थोडंसं कॅल्शियम सोडतात आणि गप्प बसतात. झुबक्यांमधलं अंतर आणि चॅनलचा संयम, एवढ्यावर सगळं उभं आहे.

दुसरी फसवणूक जास्त गंभीर. साठा एका हद्दीपलीकडे भरला की हुकूम नसतानाही चॅनल उघडतं. कॅनडातल्या कॅल्गरीच्या वेन चेन यांनी हे नीट दाखवलं. चॅनलमध्ये दोष असेल तर ती हद्द खाली येते: निरोगी पेशी जेवढं पेलते त्याच्या आधीच ती गळायला लागते. आणि साठा सगळ्यांत जास्त भरतो कधी? पळताना, भांडताना, घाबरल्यावर. अॅड्रिनलिन पंपांना जोर देतं, चॅनलांना चळवतं. म्हणून या दोषाचं मूल बसलेलं असताना धडधाकट असतं.

*

गळालेलं कॅल्शियम बाहेर फेकायची पेशीची पद्धत अशी: तीन सोडियम आत घ्यायचे, एक कॅल्शियम बाहेर टाकायचं. सोडियमवर एक धन प्रभार, कॅल्शियमवर दोन. तीन आत, दोन बाहेर. दर खेपेला एक धन प्रभार आत शिल्लक. गळती मोठी असेल तर या शिल्लकीने पेशीचा विद्युतदाब चढतो, आणि चढत चढत उंबरठा ओलांडला की न मागितलेला ठोका पडतो. असे चार-पाच ओळीने पडले की छातीत धडधड, जास्त पडले की भोवळ. वजाबाकीतला एक उरतो, त्याची ही किंमत.

*

१९७५च्या सुमाराला एक चमत्कारिक चित्र पहिल्यांदा नोंदलं गेलं. १९९५ साली पॅरिसच्या लीनहार्ट आणि सहकाऱ्यांनी २१ मुलांचा अभ्यास छापला तेव्हा त्याला ठाशीव रूप आलं. ही मुलं धावताना किंवा भावनेच्या भरात बेशुद्ध पडायची. त्यांचा ईसीजी नॉर्मल. इको नॉर्मल. ट्रेडमिलवर मात्र पट्ट्याचा वेग वाढला की वेडेवाकडे ठोके सुरू, कधी एक वर तोंड केलेला, पुढचा खाली, पुन्हा वर. थांबलं की सगळं जागच्या जागी. नाव लांबलचक आहे, डॉक्टर सीपीव्हीटी म्हणतात. २००१ साली इटलीतल्या सिल्विया प्रायोरी यांच्या गटाने त्यामागचा दोष याच रायनोडिन रिसेप्टरच्या जनुकात दाखवला. त्याच वर्षी इस्रायलमधल्या बेदुइन कुटुंबांत दुसरा प्रकार सापडला, साठ्यात कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा. या दुसऱ्या प्रकारात आई आणि वडील दोघांकडून दोष यावा लागतो, आणि त्या कुटुंबांत नात्यातली लग्नं होती. मामाच्या मुलीशी लग्न लावणाऱ्या आपल्या मुलखाने हे वाक्य दोनदा वाचावं.

प्रमाण अंदाजे १०,००० माणसांत एक. दुर्मिळच. पण सिल्लोड-पैठणच्या आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ३७ लाख होती. त्या अंदाजाने भागाकार केला तर शेकड्यांत उत्तर येतं. ते सगळे कुठे आहेत? काहींच्या फाइलवर ‘फिट येते’ असं लिहिलेलं असेल आणि आकडीच्या गोळ्या चालू असतील, अशी मला दाट शंका आहे. जगभर हा आजार असाच लपून राहत आला आहे.

*

एका मण्याची गोष्ट.

कोबीवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो. फिलिपाइन्स आणि थायलंडमध्ये त्याच्या अळ्या डायामाइड गटाच्या फवारणीला जुमानेनाशा झाल्या. २०१२ साली कारण छापून आलं: त्यांच्या रायनोडिन रिसेप्टरमध्ये ४,९४६व्या जागी ग्लायसिनऐवजी ग्लुटामिक आम्ल आलं होतं. पाच हजारांच्या साखळीत एक बदल, आणि औषधाला चिकटायला जागा उरली नाही.

मुलाच्या आजारातही तेवढंच होतं. त्याच घराण्याच्या प्रथिनात एकच अमिनो आम्ल बदलतं. अळी त्या बदलामुळे जगते, पोर त्या बदलामुळे शाळेच्या मैदानावर कोसळतं. निसर्गाला यातलं काहीच ठाऊक नसतं. मला हे कळल्यापासून कोबी चिरताना एखादी अळी निघाली तर मी जरा थांबून बघतो.

*

आता औषध. मागणी काय आहे ते आधी नीट मांडायला हवं, कारण गडबड तिथेच होते. चॅनल बंद करायचं नाही. ते बंद पडलं तर हृदयच थांबेल. लाख वेळा उघडायला हवं तेव्हा ते उघडलंच पाहिजे. दोन ठोक्यांच्या मध्ये, कुणी न सांगता उघडतं, तेवढंच फक्त टाळायचं. जोर कमी आणि नेम जास्त लागणारं हे काम आहे. आज वापरात असलेलं एकही औषध या कामासाठी घडवलेलं नाही. सगळी दुसऱ्या कामासाठी आलेली, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलेली.

*

फ्लेकेनाइड. याचा इतिहास वाचताना अंगावर काटा येतो.

ते सोडियम चॅनल अडवणारं जुनं औषध. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्यांना अधूनमधून जादा ठोके पडतात, आणि ज्यांना पडतात ते लवकर दगावतात असं दिसलं होतं. मग ठोके दाबले की माणसं वाचतील, हा हिशेब सरळ वाटला. अमेरिकेत ‘कास्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. औषधाने ठोके दाबले, ईसीजी सुधारला आणि औषध घेणारे जास्त मेले. १९८९ साली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. ईसीजीवरची रेघ सुधारली म्हणजे माणूस सुधारला, असं समजणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी भिंतीवर लावून ठेवावी. फ्लेकेनाइडची अब्रू गेली.

मग २००९ साली, वीस वर्षांनी, त्याच व्हँडरबिल्टमधून बियॉर्न नोलमन आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. सीपीव्हीटीच्या उंदरांत फ्लेकेनाइडने ठोके सावरले, आणि अॅड्रिनलिन अडवणाऱ्या नेहमीच्या बीटा ब्लॉकरला दाद न देणाऱ्या दोन रुग्णांतही. त्यांचं म्हणणं असं की ते रायनोडिन रिसेप्टरवरच काम करतं. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक बारकावा दाखवला, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ती आहे. फ्लेकेनाइड चॅनल उघडू देतं. उघडल्यावर आत शिरून त्याचा उघडा राहण्याचा वेळ कमी करतं. त्यामुळे ठिणग्या थांबत नाहीत, त्या लहान होतात. लहान ठिणगी शेजारच्या झुबक्यापर्यंत पोचत नाही, आणि लाट उठत नाही. उघडण्याचं स्वातंत्र्य शाबूत, रेंगाळणं तेवढं बंद.

सगळ्यांनी मान डोलावली असं मात्र नाही. काही गटांनी सांगितलं, छे, हे सगळं सोडियम चॅनलमुळेच. साठ्यावरच्या चॅनलचा यात काही संबंध नाही. भांडण दहा वर्षं चाललं. २०२० साली नोलमन यांच्या गटाने फ्लेकेनाइडच्या रेणूत बारीक फेरफार करून असे भाऊबंद बनवले की एक दोन्ही चॅनलांवर चालेल आणि एक फक्त सोडियमवर. फक्त सोडियमवर चालणाऱ्याने उंदराचे ठोके सावरले नाहीत. मला हा पुरावा पटतो. विरोधकांपैकी सगळ्यांना पटला नाही, आणि शास्त्रात ते बरंच असतं.

दरम्यान मुलांना वाट पाहायची गरज पडली नाही. २०१७ साली १४ रुग्णांवरची नीट आखलेली चाचणी आली. प्रत्येकाला आळीपाळीने फ्लेकेनाइड आणि खोटी गोळी, सोबत नेहमीचा बीटा ब्लॉकर. फ्लेकेनाइडच्या पाळीत ट्रेडमिलवरचे जादा ठोके ठळकपणे कमी झाले. १४ म्हणजे फारच थोडे, असं म्हणणाऱ्याने या आजाराचे १४ रुग्ण एका छताखाली गोळा करून दाखवावेत.

*

पहिली गोळी मात्र आजही बीटा ब्लॉकरच. तो चॅनलला हात लावत नाही, अॅड्रिनलिनची हाक पेशीपर्यंत पोचू देत नाही. जेम्स ब्लॅक यांचं प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकातलं, १९८८ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आपल्याकडे ते अगदी स्वस्त आहे.

इथे गावाचा एक धागा आहे. पैठणला कारखाना असलेल्या अजंता फार्माची ‘मेट एक्सएल’ म्हणजे मेटोप्रोलॉल, रक्तदाबाच्या कितीतरी रुग्णांच्या डबीत ती असते. पण सीपीव्हीटीत मेटोप्रोलॉलसारखे निवडक बीटा ब्लॉकर कमी पडतात. नॅडोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल बरं. एकाच गटाच्या गोळ्या म्हणजे एकसारख्या गोळ्या नव्हेत. ‘तीच कंपनी नाही, पण तेच औषध आहे’ असं काउंटरवर ऐकू आलं तर विचारावं, रेणू तोच आहे का.

कार्व्हेडिलॉलची गंमत वेगळी. हार्ट फेल्युअरमध्ये ते वर्षानुवर्षं दिलं जातं आणि इतर बीटा ब्लॉकरपेक्षा त्यात काहीतरी जादा आहे असा संशय होता. २०११ साली वेन चेन यांच्या गटाने सांगितलं, ते रायनोडिन रिसेप्टरवर थेट बसतं आणि भरलेल्या साठ्याची गळती थोपवतं. त्यांनी तपासलेल्या बीटा ब्लॉकरमध्ये हा गुण एकट्या त्याच्यातच निघाला.

*

डॅन्ट्रोलीन भूलतज्ज्ञांच्या गोटातलं. काही माणसांच्या हाताच्या-पायाच्या स्नायूंतल्या रायनोडिन रिसेप्टरमध्ये जन्मतः दोष असतो. त्यांना ठरावीक वायूंची भूल दिली की साठा सुटतो, अंग लाकडासारखं ताठरतं, ताप झपाट्याने चढतो. मेलबर्नच्या डेनबरो आणि लव्हेल यांनी १९६० साली असं घराणं नोंदवलं, ज्यातली बरीच माणसं भुलेतच गेली होती. डॅन्ट्रोलीन हा त्यावरचा उतारा. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत हॅरिसन यांनी तो डुकरांवर सिद्ध केला, १९७९ पासून तो अमेरिकेत शिरेतून देतात. आपल्या देशात तो वर्षानुवर्षं सहजी मिळत नव्हता. इथल्या भूलतज्ज्ञांच्या लेखांत ‘डॅन्ट्रोलीन उपलब्ध नसल्याने’ हे शब्द इतक्यांदा येतात की वाचणाऱ्याला लाज वाटावी.

हृदयातल्या चॅनलवर ते चालतं का? एकटं नाही, कॅल्मोड्युलिन नावाचं छोटं प्रथिन सोबतीला असेल तर चालतं, असं २०१५ साली दिसलं. त्याच वर्षी फिनलंडमध्ये सीपीव्हीटीच्या सहा रुग्णांना ते शिरेतून देऊन व्यायाम करायला लावला. चौघांचे जादा ठोके कमी झाले, दोघांचे नाही. त्याच रुग्णांच्या त्वचेपासून प्रयोगशाळेत धडधडणाऱ्या हृदयपेशी वाढवल्या होत्या. त्या बशीतल्या पेशींनीही तोच निकाल दिला. चॅनलच्या कुठल्या भागात दोष आहे यावर ते ठरत होतं. म्हणजे उद्या कदाचित मुलाला गोळी देण्याआधी त्याच्या पेशीला देऊन पाहतील. डॅन्ट्रोलीन रोज घ्यायची गोळी मात्र होणार नाही. त्याने स्नायू ढिले पडतात आणि यकृताला त्रास होतो.

*

याच चॅनलसाठी मुद्दाम घडवलेली औषधंही आहेत, ‘रायकल’ म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातले अँड्र्यू मार्क्स २००० सालापासून मांडत आले की चॅनलला धरून ठेवणारं एक छोटं प्रथिन सुटतं म्हणून गळती होते, ते पुन्हा चिकटवलं की काम झालं. मांडणी सुबक आहे. अनेक प्रयोगशाळांना ती जशीच्या तशी उतरली नाही. वीस वर्षांहून जास्त काळ लोटूनही ती गोळी दुकानात आलेली नाही.

*

पिवळी कण्हेर. बिट्टी. शाळांच्या कुंपणाला ती हौसेने लावतात. तिच्या बियांतलं विष डिजिटालिससारखं चालतं: सोडियम बाहेर काढणारा पंप अडतो, सोडियम साचतं, मागोमाग कॅल्शियम साचतं, साठा हद्दीबाहेर भरतो. पुढचं वर आलंच आहे. चांगलं चॅनलसुद्धा मग गळतं. श्रीलंकेत या विषबाधेवर प्रतिपिंडांचा उतारा २००० साली चाचणीतून सिद्ध झाला, पण तो महाग. लहान मुलं जिथे खेळतात तिथे दुसरं काहीतरी लावा. जास्वंद वाईट आहे का?

*

रक्तदाबाची अॅम्लोडिपीन ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ आहे हे कळल्यावर दूध-दही सोडणारे लोक भेटतात. सोडू नका. ही गोळी अडवते ती पेशीच्या बाहेरच्या भिंतीतली चॅनलं, तीही मुख्यतः रक्तवाहिन्यांतली. वरच्या पानांत ज्याची चर्चा आहे ते चॅनल पेशीच्या आत साठ्यावर असतं, आणि अॅम्लोडिपीन त्याच्या वाटेला जात नाही. हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही.

*

पहाटे गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बाजूला गेलं की पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. बहुतेक जण उपाशीपोटी, काही जण रात्रपाळी करून आलेले. यांतला एखादा चक्कर येऊन बसला की ‘ऊन लागलं’, ‘अशक्तपणा आहे’, ‘ग्लुकोज पाज’ एवढ्यावर भागतं. बहुतेकदा ते खरंही असतं. धावताना कोसळण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि सीपीव्हीटी त्यांतलं एक दुर्मिळ कारण आहे.

तरी एक फरक लक्षात ठेवता येतो. प्रार्थनेच्या रांगेत बराच वेळ उभं राहून, उकाड्यात, रक्त बघून जे मूल हळूहळू घेरी येऊन खाली बसतं, त्याची गोष्ट बहुधा साधी असते. ऐन पळताना, पोहताना, भांडणाच्या भरात किंवा दचकून जे मूल झटकन कोसळतं, त्याची गोष्ट वेगळी. घरात पूर्वी कुणी तरुणपणी असंच अचानक गेलं असेल तर आणखीच वेगळी.

पालकांना, पी.टी.च्या सरांना आणि भरतीच्या अकॅडमीवाल्यांना एवढंच सांगणं आहे: असं मूल दिसलं तर त्याला त्या दिवसापासून पळवू नका. हृदयाच्या डॉक्टरांकडे न्या आणि ते नेमकं काय करताना पडलं ते सांगा, कारण ‘चक्कर आली’ एवढ्या दोन शब्दांतून त्यांना काही कळत नाही. साधा ईसीजी आणि इको नॉर्मल आला म्हणून फाइल मिटवू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिल टेस्ट करायची का, हे विचारा. ती टेस्ट आपल्या शहरात होते. पुढची गोळी कुठली, ते त्या पट्ट्यावरच ठरतं. आणि एकदा गोळी सुरू झाली की एकही दिवस ती चुकवायची नाही, लग्नाच्या गडबडीत नाही, परीक्षेच्या दिवशी तर नाहीच.